चित्राखालची पट्टी

ठाणेदार सुओने कालव्याच्या कामावर च्याओनियांगच्या नवऱ्याचा फटक्यांनी जीव घेतला, आणि वर्षभराने रेशमावर ग्वानयिन बोधिसत्त्वाचं चित्र काढायला तिलाच सांगितलं. साऱ्या दुनह्वांगमध्ये तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता.

"खालच्या पट्टीत माझं नाव ठसठशीत घाल, बाई," तो म्हणाला. "रोज शंभर नमस्कार घालणार आहे. सगळं पुण्य मलाच लागलं पाहिजे, शेजाऱ्याला नको."

"पट्टीत ज्याचं नाव, पुण्य त्याचंच, सरकार."

महिनाभर ती रंगवत राहिली. बोधिसत्त्वाच्या ओठांवर हसू उतरलं, तिच्या नाही. शेवटी पट्टीत तिने नवऱ्याचं नाव लिहिलं. सुओला अक्षरओळख नव्हती.

पण चित्र टांगायच्या दिवशी त्याने विहारातल्या म्हाताऱ्या भिक्षू फायुआनना बोलावलं. "पट्टी वाचा बघू, भंते. या बाईचा काय भरवसा."

भंते वाकले. त्यांनी पट्टी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली. च्याओनियांगने मान खाली घातली. ती आता धडावर राहत नाही, हे तिला कळलं होतं.

"या चित्राचं सारं पुण्य," भंते संथपणे म्हणाले, "ठाणेदार सुओ यांना लाभो."

सुओ खूश झाला. त्याने तिथेच गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात भंते तिच्याजवळ सरकले.

"अक्षर सुरेख आहे, पोरी," ते कुजबुजले. "खाली बोटभर जागा उरलीय. माझ्या भावाचं नाव बसेल का? तोही त्याच कालव्यावर गेला."