सहा प्रवासी

“एका फेरीला सरासरी सहा प्रवासी,” एसटी कार्यालयातल्या साहेबांनी कागद तिच्यासमोर सरकवला. “सहा जणांच्या बससाठी सरकारनं अनुदान का द्यायचं, ताई?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा? गावाच्या त्या एकुलत्या एका बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आजही ती दारापाशी अवघडून उभी राहून आली होती, कडेवर पाच महिन्यांची लेक. लेकीची पावलं जन्मतः वाकडी. दर मंगळवारी शहरात येऊन नवं प्लास्टर घालायचं. एक खेप चुकली तरी पाऊल पुन्हा वळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून ती दिवसातून दहादा प्लास्टरबाहेरची इवली बोटं चाचपून बघायची.

तिनं साहेबांना चांगलंच धारेवर धरलं. शहरात पुलावर पूल बांधता, आणि आमचा एक खटारा जड झाला? कॉलेजच्या मुली, दूध पोचवणाऱ्या बायका, डायलिसिसला जाणारे शेजारचे काका, तिनं एकेक माणूस बोटांवर मोजून दाखवलं. चाळीसच्या खाली कधी नसतात. इथं खुर्ची उबवत सहा कसले म्हणता? हवं तर यांना विचारा.

कोपऱ्यातल्या बाकावर कंडक्टरमामा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. गावाच्या बाजूनं बोलायला ते आपणहून आले होते. तीस वर्षं त्याच बसवर. गावात त्यांच्याइतका जीव कुणी कुणाला लावला नव्हता.

“यंत्रातून जेवढी तिकिटं निघतात, तेवढे प्रवासी,” साहेब शांतपणे म्हणाले. “तुम्ही आज बसनंच आलात ना? दाखवा तिकीट.”

तिनं तावातावानं पर्स उघडली. दुधाची बाटली, घडी घातलेलं दुपटं, दवाखान्याचं कार्ड. हात तळापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

“हरवलं वाटतं,” ती म्हणाली.

साहेबांनी सहाच्या आकड्याखाली रेघ ओढली, ‘फेरी बंद’ असं लिहिलं आणि सही केली. तिचा संताप अजून उतरला नव्हता. तो कुणावर काढायचा, तेवढं कळेना. कानात मामांचा सकाळचा आवाज घुमत होता. चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते तेच म्हणायचे.

“आपल्याच माणसांना कसलं गं तिकीट? चढ लवकर.”