क्लचवरचा पाय

मिस्त्रींनी रेसच्या गाडीत नवी क्लचप्लेट बसवली आणि त्याच आठवड्यात तिचा मालक ती एकदाही न चालवता तापाने गेला. वर्षभर गाडी झाकून होती. आज त्याची बहीण ती विकण्याआधी दाखवायला घेऊन आली. "काका, इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काही पळत नाही." मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. नव्या प्लेटचा कोळसा झाला होता. "क्लचवर पाय ठेवूनच कुणीतरी चालवलीय ही," ते म्हणाले. "दादाचीच खोड ती. पण चावी माझ्याच कपाटात होती. गाडीला कुणी बोटसुद्धा लावलं नाही." दुसरी प्लेट बसवून मिस्त्रींनी गाडीत वाकून पाहिलं. सीट रिकामी होती आणि क्लचचं पेडल अर्धवट दबलेलं. हाताने उचललं, तर पुन्हा हळूच खाली गेलं. मिस्त्रींचा जुना राग उसळला. "गाढवा, कितीदा सांगायचं? पाय काढ!" पेडल निमूट वर आलं.