बोथट पातं

गंगाधर सरांनी सोलापुरात तीस वर्षं चित्रकला शिकवली, पण शार्पनर कधी वापरला नाही. लाकडी मुठीचा घडीचा चाकू त्यांना पुरायचा. पेन्सिलींना टोक काढायचं, कागद कापायचे, पेरू चिरायचा, सगळं त्यानंच. कंपवात झाल्यावर पत्नी अनसूयाबाईंनी मुठीला सुती पट्टी गुंडाळून पकड वाढवली. तरी गेल्या आठवड्यात अंगठ्याला पाच टाके पडले. चाकू लपवला, तर सर घरभर शोधत रडले. शेवटी बाईंनी पातं पायरीवर उभं घासून बोथट केलं आणि चाकू जागेवर ठेवला. सकाळी सर पेन्सिल तासायला बसले. कितीतरी वेळ ढलपीच निघेना. त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं. “धार तू घालवलीस?” “हो. तुमचं रक्त पाहवत नाही मला.” “बरं केलंस,” म्हणत सरांनी चाकू मिटून पेन्सिलींचा डबा बाईंपुढे सरकवला. “मग या तरी कशाला ठेवल्यास?”