शिकवलेलं उत्तर

“म्हण बघू, छातीत दुखतंय.” रिक्षात परुळेकर गुरुजी बायकोला शिकवत होते, पहिलीच्या पोरांना शिकवावं तसं, न चिडता.

“छातीत,” कुमुदताई म्हणाल्या आणि पुढचं विसरल्या.

विसरण्याचाच आजार होता त्यांना. अंघोळ, कपडे, घास भरवणं सगळं गुरुजीच करत. बायकोला उचलताना त्यांना धाप लागे. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकानं सरकारी विम्याचं कार्ड परत दिलं होतं. “गुरुजी, इस्पितळात दाखल असलं तरच हे चालतं. इथला खर्च तुमचा.” तो पेन्शनच्या दुप्पट होता. आता निदान इस्पितळानं कुमुदताईंना चार दिवस ठेवून घ्यावं, एवढीच आशा उरली होती.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, कुठं दुखतंय?”

गुरुजींनी श्वास रोखला. कुमुदताईंनी हात उचलला आणि गुरुजींच्या छातीवर ठेवला. “इथं. रोज दुखतं. सांगत नाहीत.”

बाईंनी गुरुजींनाच झोपवून तपासलं, घाईनं ईसीजी काढला. “आजोबा, तुम्हाला आत्ताच दाखल व्हायला हवं. कार्ड आहे ना? मग पैशांची काळजी नको.”

“कार्ड आहे,” गुरुजींनी बायकोचा हात घट्ट धरला. “पण बाई, हिला कुठं ठेवू?”