पहिली वीस मिनिटं

चीनमधल्या सुझोउ शहरात एका शाळेच्या भिंतीला लागूनच इमारतीचं काम चालू होतं. शाळेत बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा पेपर तीनला सुरू होणार होता, आणि त्यातली पहिली वीस मिनिटं लाउडस्पीकरवरचं ऐकून उत्तरं लिहायची होती. तेवढा वेळ साइट बंद ठेवायचा हुकूमच होता, तरी क्रेन चालवणाऱ्या मिआओताईंचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. खाली उतरून त्यांच्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या. वेल्डरच्या हातातला हातोडा त्यांनी काढून घेतला, काँक्रीटची गाडी फाटकातूनच पिटाळली आणि सळ्या उतरवणाऱ्या दोघांना असं काही झापलं, की ते बिचारे सळ्यांवरच बसून राहिले.

"ताई, श्वास तरी घेऊ का?" त्यातला एक कुजबुजला.

"हळू घे."

फोरमन दिंगला हसू आलं. भिंतीपलीकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, "लेक कुठल्या वर्गात बसलीय?"

"इथं कुठली? आमची नावं गावाकडं, गान्सू प्रांताच्या दप्तरी. पोरीला परीक्षाही तिकडंच द्यावी लागतेय, दीड हजार किलोमीटरवर."

"मग इथं कशाला एवढा जीव काढताय आमचा?"

मिआओताईंनी घड्याळात पाहिलं. तीनला एक मिनिट कमी होतं.



"तिच्याही शाळेला लागून अशीच साइट आहे. तिथंही कुणाची तरी आई असू दे."