मादीचा टॅग

कॅनडात ओटावापासून दोन तासांवर असलेल्या जंगलात शेलारकाका आणि मी उजाडल्यापासून एका पडलेल्या झाडामागे बसलो होतो. नऊच्या सुमाराला चाळीस पावलांवर हरणाची मादी येऊन उभी राहिली. नर साध्या परवान्यावर मारता येतो; मादी मारायचे मोजकेच टॅग सरकार लॉटरीनं देतं आणि यंदा आमच्या ग्रुपमध्ये तो एकट्या मला लागला होता. त्यावर ग्रुपमधल्या कोणीही गोळी झाडली तरी चालते. “मार,” काका पुटपुटले. मला बंदूक धरायला शिकवलं ते त्यांनीच. दर नोव्हेंबरला काकूंचा मसाला घेऊन ते विंडसरहून येतात, तेही या मटणासाठीच. मी हलले नाही. “काका, एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर इथेच उपाशी मेलेली सात हरणं सापडली होती मला. ही त्यातून वाचलीये. नर आला तर मारीन, हिला नाही.” “सरकारनं टॅग दिलाय ना? तुला जमत नसेल तर मी मारतो.” त्यांनी बंदूक खांद्याला लावली. मी ताडकन उभी राहिले आणि घसा फाडून ओरडले, “पळ!” पांढरी शेपटी उंचावून ती झाडीत दिसेनाशी झाली. काका लालबुंद झाले. “आता मसाला काय माझ्या डोक्यावर घालू?” “बटाट्यात घाला.” “अगं, मारायचीच नव्हती तर टॅगसाठी अप्लाय कशाला केलंस?” मी टॅग ठेवलेल्या खिशाची चेन घट्ट ओढली. “तुम्हाला लागू नये म्हणून.”