दिलेली लेक

"तुमच्या घरात कुणीच जुळत नाही," डॉक्टर क्रॉम्बी म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. तीन वाजता खालच्या सभागृहात त्यांचा निरोपसमारंभ होता. चौतीस वर्षं ते ऑकलंडमध्ये, जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांना दुसऱ्याची अस्थिमज्जा देत आले होते. देशोदेशीच्या परिषदांत त्यांनी त्याचा टेंभा मिरवला होता. आजच्या भाषणात नम्रतेवरही दोन पानं होती.

समोर टोंगाची सेइनी बसली होती. काचेपलीकडे तिचा पाच महिन्यांचा तेविता. साध्या सर्दीनेही तो गेला असता.

"तुमची दोन्ही मुलं तपासली. नाही जुळली. दात्यांच्या यादीत तुमची माणसं औषधालाही सापडत नाहीत. नाव नोंदवायचा कंटाळा! आता बापाची अर्धी जुळणारी मज्जा घ्यायची. धोका मोठा आहे, पण माझा इलाज नाही."

सेइनीने मान खाली घातली. शेजारी तिची थोरली बहीण कालोलाइने होती. अकरा वर्षांच्या लुपेला घेऊन ती कालच टोंगातल्या वावाउ बेटावरून आली होती.

"हिचं रक्त तपासा," कालोलाइने म्हणाली.

"ही कोण?"

"माझी मुलगी."

डॉक्टर हसले. "अहो बाई, मावसबहीण कशी जुळेल? तुमच्याकडे अख्खं गाव नात्यातलं असतं. म्हणून काय सगळ्यांना सुया टोचत बसू?"

सेइनीने बहिणीचा हात घट्ट धरला. "नको ताई. दिली ती दिली."

"गप बस." कालोलाइने लुपेकडे न बघता बोलली. "मी हिला वाढवलंय, डॉक्टर. जन्म सेइनीने दिलाय. मला मूल नव्हतं, म्हणून चाळीस दिवसांची असताना सेइनीने ती माझ्या मांडीवर ठेवली. बापही तोच, तेविताचा."

लुपेला हे ठाऊक होतं. पण त्यांच्या घरात कुणी ते तोंडावर आणत नसे. बोललं की परत मागितल्यासारखं व्हायचं. मुलगा मरणाच्या दारात असतानाही सेइनी बोलली नव्हती, ती त्यासाठीच.

"सख्खी बहीण!" डॉक्टर सेइनीवर खेकसले. "मग आधी सांगायला काय झालं होतं? मी स्पष्ट विचारलं होतं, मुलं किती!"

"दोन. आणि हा," सेइनी पुटपुटली.

डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. सख्ख्या बहिणीचं चारात एकदा जुळतं, हे त्यांना पाठ होतं. जुळलं तर शेवटच्या आठवड्यातला काय झकास किस्सा! तेवढ्यानेच त्यांचा चेहरा खुलला. निर्लज्जपणे त्यांनी लुपेची पाठ थोपटली.

"तुमच्या बेटांवरची चाळीसेक पोरं माझ्या हाताखालून गेली," ते म्हणाले. "पण असं काही पहिल्यांदाच बघतोय."

"तुम्ही पहिल्यांदा बघताय," कालोलाइने म्हणाली. "आमच्यात किती घरांत एखादं लेकरू दिलेलं असतं. त्या चाळिसांतल्या किती जणांचा सख्खा भाऊ तिकडे गावात खेळत होता, आणि इथे पोर मेलं?"

लुपेने बाही वर केली होती. सुई टोचली तरी तिने डॉक्टरांवरची नजर काढली नाही. तीही उत्तराची वाट बघत होती.